गुलमंडीच्या पायरीवर बसलेला माणूस

लग्नसराई जवळ आली की मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून माणसे बस्ता बांधायला गुलमंडीवर येतात. एस.टी.तून उतरायचे, औरंगपुऱ्यावरून चालत यायचे, सुपारी हनुमानाला हात जोडायचे आणि कापडाच्या दुकानात शिरायचे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, गाद्यांच्या जागी काचेची कपाटे आली, पण बस्त्याची वाट तीच आहे.

असे समजा, की तुमच्याच घरचा बस्ता आहे. आत बायका साड्यांचे ढीग उलगडत आहेत आणि नवरीचा बाप बाहेर पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसला आहे. चहा आला तर नको म्हणाला. मुलाने विचारले, "आबा, हा रंग बरा दिसतो का?" तर म्हणाला, "तुम्हीच बघा. माझं आता काय राहिलंय." आपण म्हणतो, दमले असतील. पुष्कळदा तसेच असते. पण गेल्या महिन्याभरात त्यांची झोप उडाली असेल, ताटातली भाकरी तशीच उठत असेल, सोसायटीचा माणूस दारात आला की ते मागच्या दाराने निघून जात असतील, तर "माझं आता काय राहिलंय" हे बोलणे सोडून देण्यासारखे नाही.

बैलाने एक दिवस वैरण टाकली तर आपण लगेच त्याचा कान धरून बघतो, गार लागतो की गरम. घरच्या माणसाने आठ दिवस अन्न टाकले, तर "स्वभावच तसा आहे" म्हणून गप्प बसतो. हे काही दगडाच्या काळजाने होत नाही. काय विचारावे आणि विचारल्यावर पुढे काय करावे, हे ठाऊक नसते म्हणून होते.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. निरवानिरव. कागदपत्रे एकत्र काढून ठेवणे, कुणाचे किती देणे हे उगाच सांगून ठेवणे, बहिणीला विनाकारण भेटून येणे, थोरल्याला "धाकट्याकडे लक्ष ठेव" म्हणणे. कधी कधी बरेच दिवस बेचैन असलेला माणूस एकाएकी शांत होतो आणि घरच्यांना वाटते, चला, सुटले एकदाचे. त्याच दिवशी त्याच्याजवळ जास्त बसायला हवे.

बाईमाणसाच्या बाबतीत तर या खुणा कुणी पाहतच नाही. बाळंतपणानंतर रडत बसणारी सून, धनी गेल्यावर कर्जाचे कागद हाती आलेली विधवा, यांच्या गप्प राहण्याला आपण सोशीकपणा म्हणतो आणि वर त्याचे कौतुकही करतो.

अशा वेळी गावात एक गोष्ट नेहमी घडते. सगळे जमतात आणि पुढाकार कुणीच घेत नाही. चुलता म्हणतो, सरपंचाला विचारू. सरपंच म्हणतो, पावण्यांना बोलवा. मेहुणा येतो तो रागे भरतो. तेवढ्यात कुणी देवऋषाचे नाव काढतो आणि रात्र निघून जाते. देवऋषाकडे ज्यांना जायचे त्यांनी जावे, श्रद्धेवर मला भांडण करायचे नाही. पण त्यात दवाखान्याचा दिवस मोडू नये आणि चालू गोळ्या बंद होऊ नयेत. माझे सांगणे एवढेच, की पुढारपण एकाने घ्यावे. ते घरातल्या कर्त्यानेच घ्यावे असे नाही. ज्याचे त्या माणसाशी मोकळे बोलणे आहे त्याने घ्यावे. तो मित्र असेल, भावजय असेल, गावची आशाताई असेल.

त्याने करायचे काय? पहिले म्हणजे बाजूला नेऊन बसायचे आणि सरळ विचारायचे. "आबा, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" हे वाचूनच पुष्कळांच्या अंगावर काटा येईल. विचारल्याने नसलेला विचार मनात भरेल, ही भीती खरी नाही. मानसोपचाराचे जाणकार हा प्रश्न असाच विचारतात आणि इतरांनाही विचारायला सांगतात. ज्याच्या मनात तसे काही नाही तो "हे काय खूळ" म्हणेल. ज्याच्या मनात आहे, त्याला कुणीतरी विचारले याचाच हलकेपणा वाटतो. उत्तर "हो" आले तर उपदेश करू नका. "पोराबाळांचा विचार कर," "लोक काय म्हणतील," "आमच्यावर काय कमी संकटे आली?" ही वाक्ये आपण चांगल्या मनाने म्हणतो, पण ऐकणाऱ्याला वाटते आपण सगळ्यांवर ओझे आहोत. त्यापेक्षा, "मी आज इथेच आहे, उद्या सकाळी आपण दोघे दवाखान्यात जाऊ," एवढे पुरे.

दुसरे म्हणजे, त्या रात्री त्याला एकटे सोडायचे नाही आणि फवारणीची औषधे घरातून व मळ्यातल्या खोलीतून उचलून त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मनाची ती तीव्र लाट पुष्कळदा काही वेळाने ओसरते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते. श्रीलंकेने 1990 च्या दशकापासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. शेती तिथे बंद पडली नाही. सरकारने काय करावे ते सरकार पाहील, आपल्या खोलीतले डबे उचलणे आपल्या हातात आहे.

तिसरे, फोन. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. घरच्या माणसानेही लावावा. काय बोलावे, पुढे कुठे न्यावे, हे विचारण्यासाठीच तो आहे. प्रत्यक्ष दाखवायचे तर जवळचे ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा आपल्याकडच्या माणसांच्या तोंडी असलेली घाटी. गुलमंडीपासून घाटी रिक्षाने फार लांब नाही. मानसोपचार विभागाचा केसपेपर काढायचा, एवढेच. बस्त्याच्या निमित्ताने शहरात आलेच आहात, तर त्याच फेरीत हे काम होते आणि गावात कुणाला सांगावेही लागत नाही.

आणि काही विपरीत घडूनच गेले असेल, तर ओकाऱ्या काढायच्या नादी लागू नका, मिठाचे पाणी पाजू नका. 108 ला फोन करा आणि जी बाटली असेल ती सोबत न्या, डॉक्टरांना ती कामी येते.

इथे माणसे पोलिसांना भितात. केस होईल म्हणून खोटे सांगतात, खाजगीत लपवून उपचार करतात आणि मोलाचे तास जातात. आता ती भीती ठेवण्याचे कारण उरलेले नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ठरवले. पुढे 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या 309 कलमाचा गुन्हा ठेवलेला नाही. सरकारी माणसाला त्याच्या कामात अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे.

आता सर्वांत विसरला जाणारा भाग. माणूस दवाखान्यातून घरी आला, की भेटायला आलेली मंडळी नारळ-साखर ठेवून जातात आणि चार दिवसांत दार ओस पडते. धोका मात्र त्या पुढच्या आठवड्यांतच मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला, त्यात आपल्या देशातले चेन्नईही होते. असा प्रयत्न करून वाचलेल्या सुमारे 1,800 माणसांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी त्याशिवाय एकदा तासभर नीट बोलले आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली. 2008 साली निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरामागे दोनाहून अधिक माणसे आत्महत्येने गेली, विचारपूस झालेल्यांत हजारामागे दोन. नऊ भेटी! आपण एका सोयरिकीसाठी याहून जास्त चकरा मारतो.

हे शिकलेल्या डॉक्टरांचे काम, आपण अडाणी काय करणार, असे कुणी म्हणेल. त्याला अमरावती जिल्ह्यातली 30 गावे दाखवावीत. कपाशीच्या त्या पट्ट्यात "विश्राम" नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले, ती घरोघर बोलत आणि ज्यांना गरज असे त्यांनाच डॉक्टरकडे पाठवत. सुरुवातीला मन खचलेल्या शंभर माणसांत जेमतेम चार मदत घेत होती, दीड वर्षाने सत्तावीस घेऊ लागली. वर्षभरात मरणाचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण शंभरात 5.2 होते, ते 2.5 वर आले. तुलनेला दुसरी गावे घेतली नव्हती, तेव्हा सगळे श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही. पण मदत घेणारे वाढले, ते मात्र कुणीतरी दारात जाऊन बसल्यावाचून वाढले नसते.

आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशाची गोष्ट मला आपल्या फार जवळची वाटते. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचार डॉक्टरांची एक तरुण रुग्ण 2005 साली गेली. दवाखान्यात यायला तिच्याकडे बसचे भाडे नव्हते. त्यांनी मग हरारे शहरातल्या चौदा आज्या गोळा केल्या आणि दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून लोकांचे ऐकून घ्यायला त्यांना शिकवले. त्यांच्या भाषेत या दुखण्याला "कुफुंगिसिसा" म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडेही म्हातारी हेच म्हणते ना, "लई इचार करू नको बाबा"? पुढे 2016 साली छापून आलेल्या तपासणीत, आज्यांशी बोललेल्यांपैकी सहा महिन्यांनी शंभरात 14 जणांना उदासीचा त्रास उरला होता, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत 50 जणांना. आज्या काही नुसता धीर देत नाहीत. अडचणींतली एक निवडायला लावतात, तिच्यावर या आठवड्यात काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घेतात आणि पुन्हा बोलावतात.

आपल्या आबांचेही तसेच. कर्ज एका रात्रीत फिटणार नाही. पण बँकेत कुणाला सोबत घेऊन कधी जायचे, लग्नाचा कोणता खर्च कमी करायचा, मुलीला आणि सोयऱ्यांना ते कोण सांगणार, यातली एक गोष्ट ठरली तरी माणूस त्या रात्री झोपतो.

आणि हे वाचणाऱ्यांत एखादा स्वतःच त्या पायरीवर बसलेला असेल, तर त्याच्याशी दोन शब्द. आज कुणा एकाला सांगा. नीट जुळवून सांगायची गरज नाही. "मला बरं वाटत नाही, माझ्याजवळ थांब," एवढे म्हटले तरी चालते. घरात सांगता येत नसेल तर 14416 लावा. आधी भाषा विचारतात, मराठी निवडा, मग माणूस बोलायला येतो. फोन लागला नाही तर पुन्हा लावा, आणि तोवर ओसरीवर जो कुणी असेल त्याच्याजवळ जाऊन बसा.