टक्कर तिकडे, हिशेब इकडे

पुण्याचा नकाशा घ्या. कंपासचं टोक टिळक रस्त्यावर स. प. महाविद्यालयापाशी रोवा आणि ४.३ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. दक्षिणेला ते आमच्या बिबवेवाडीतून जाईल, वायव्येला गणेशखिंडीजवळून. सगळ्या पेठा आत. जिनिव्हाजवळ जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर असलेला ‘सर्न’चा लार्ज हॅड्रॉन कोलायडर एवढा आहे. परीघ २७ किलोमीटर. उणे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेली १,२३२ मोठी चुंबकं त्यात प्रोटॉनांना वळवत ठेवतात आणि समोरासमोरून आलेले प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला जवळजवळ चार कोटी वेळा एकमेकांना भिडू शकतात. ४ जुलै २०१२ रोजी ॲटलस आणि सीएमएस या प्रयोगांनी हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर केला, तो याच यंत्रावरचा.

कंपास स. प.पाशी रोवायला कारण आहे. कणभौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) तिथल्या विद्यार्थिनी. हुजूरपागा, स. प., आयआयटी मुंबईतून एम.एस्सी., अमेरिकेत स्टोनी ब्रूकला पीएच.डी. १९७९ साली त्या परतल्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (‘टीआयएफआर’). १९९५पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांचं मोठं नाव झालं, २०१९मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला महत्त्वाची वाटतात ती मधली वर्षं. १९८२ ते १९९५ त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या आणि त्यांच्यावरच्या लेखांत हा काळ एका ओळीत उरकला जातो.

त्यांचं गाजलेलं काम याच काळातलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सरळ रेषेत आणून धडकवणारी यंत्रं तेव्हा कागदावर आखली जात होती. इलेक्ट्रॉनांत प्रोटॉनांसारखा क्वार्कांचा पसारा नसतो, त्यामुळे या टकरी स्वच्छ असतील असा भरवसा होता. १९९१मध्ये गोडबोले आणि मानुएल ड्रीस यांनी त्याला धक्का दिला. टकरींची संख्या वाढवण्यासाठी पुंजके फार दाट केले, की समोरच्या पुंजक्याच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात कण वळतात आणि फोटॉन फेकतात. अतिऊर्जेचा फोटॉन काही प्रसंगी क्वार्क-ग्लुऑनांचा समूह असल्यासारखा वागतो. असे दोन फोटॉन आदळले, की हवी ती टक्कर कणांच्या कचऱ्यात झाकली जाऊ शकते. यंत्राच्या आखणीतच याचा हिशेब धरावा लागतो. जगभर याला ‘ड्रीस–गोडबोले परिणाम’ म्हणतात. कोलायडरजवळ नसलेल्या, राज्य सरकारच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे काम आहे.

सर्नचं यंत्र उभं करण्यातही भारताचा हात आहे, पण तो बहुतेक अणुऊर्जा खात्याच्या संस्थांचा. कोलायडरची अवजड चुंबकं ज्या जॅकांवर टेकली आहेत, ते सुमारे ७,०८० अचूक जॅक भारतातून गेले. सीएमएसचा शोधक तर १४,००० टनांचा. त्याच्या महाचुंबकाच्या आत कणांची ऊर्जा मोजणारा थर मधल्या भागात जाडीला कमी पडतो. काही जोरकस कण त्यातून निसटतात. त्यांना पकडायला चुंबकाबाहेर प्रस्फुरक प्लॅस्टिकचा थर बसवला आहे. तो टीआयएफआर आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने उभारला. या यादीत महाराष्ट्राचं नाव येतं ते मुंबईच्या संस्थांमुळे; राज्याच्या एकाही विद्यापीठामुळे नाही. आयआयटी मुंबईचा गट ‘ॲलिस’ या तिसऱ्या प्रयोगात आहे.

पुण्यात सीएमएसचं काम पाषाणला चालतं. २००६मध्ये स्थापन झालेल्या ‘आयसर’चा गट सीएमएसचा सदस्य आहे, सौरभ दुबे आणि सीमा शर्मा हे त्यातले प्राध्यापक. एकाच टकरीतून तीन-चार इलेक्ट्रॉन वा म्यूऑन निघाले, अशा घटना हा गट चाळतो. ज्ञात कणांच्या सिद्धांतानुसार त्या विरळा असतात. म्हणून त्यांची संख्या वाढलेली दिसली, तर नवा, जड कण असण्याची शक्यता. आजवर तसं काही हाती लागलेलं नाही. मग अमुक वस्तुमानापर्यंत असा कण नाही, एवढं ठामपणे लिहून निबंध छापला जातो. वर्तमानपत्रांना यात बातमी दिसत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही त्वरक आहे, मायक्रोट्रॉन. इलेक्ट्रॉनांना ६ एमईव्ही ऊर्जा देणारा आणि त्यांचा पदार्थांवरचा परिणाम तपासायला उपयोगी. सर्नचा प्रोटॉन त्याच्या अकरा लाख पट ऊर्जेने धावतो. ही दरी यंत्रं विकत घेऊन भरणार नाही. कुठल्याच विद्यापीठाची ती ऐपत नाही. भरायची असेल तर गोडबोल्यांनी मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, हिशेब मांडून भरली तशी.

आज ते त्या काळापेक्षा सोपं आहे. १६ जानेवारी २०१७ रोजी भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. सीएमएसची प्रत्यक्ष टकरींची माहिती २०१४पासून टप्प्याटप्प्याने सर्वांना फुकट खुली होते आहे. ती उतरवून घ्यायला कुणाची शिफारस लागत नाही. सेकंदाला कोट्यवधी टकरींतून सुमारे एक लाख घटना काही मायक्रोसेकंदांत निवडणारी सीएमएसची पहिली चाळणी एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपांवर चालते आणि त्याच चिपांचे प्राथमिक धडे बिबवेवाडीच्या व्हीआयटीसारख्या महाविद्यालयांतली मुलं गिरवतात. मग त्यांच्या प्रकल्पाला तेच ते ट्रॅफिक सिग्नल का?

भौतिकशास्त्राच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागप्रमुखांना म्हणूनच सांगणं आहे. येत्या सत्रात एका तरी मुलाला वा मुलीला सीएमएसच्या खुल्या माहितीवर प्रकल्प द्या, आणि अडलं तर पाषाणला फोन करा.