मानेतली गाठ आणि औषध नसलेली सुई

आपल्या घरांत अंगदुखीची वाट ठरलेली असते. मान धरली, कंबर धरली की आधी बाम, मग शेक, मग मेडिकलवरून आणलेली गोळी. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक्स-रे काढला तर ‘विशेष काही नाही, वयाप्रमाणे थोडी झीज आहे’ असे सांगतात. घरचे म्हणतात, रिपोर्ट तर चांगला आहे, मग दुखते कुठे? दुखणाऱ्या बाईला हा प्रश्न दुखण्याहून जास्त लागतो. ती बोलणे सोडते आणि गोळी चालू ठेवते. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड खराब होते.

अलीकडे तालुक्याच्या गावांतही फिजिओथेरपीच्या दवाखान्यांवर ‘ड्राय नीडलिंग’ ही पाटी दिसू लागली आहे. कोणी सांगते, एका सुईत मान मोकळी झाली. कोणी सांगते, पैसे गेले आणि दुखणे राहिले. दोन्ही खरे असू शकते. ते कसे, हे सुई टोचून घेण्याआधी समजून घेणे बरे.

दुखते एकीकडे, मूळ दुसरीकडे

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, स्नायू नीट दिसत नाहीत. आणि जुनाट दुखण्याचा बराच भाग स्नायूंचा असतो. दिवसभर शिलाई मशीनवर मान खाली घालून बसणारी बाई, मालेगाव-भिवंडीच्या पावरलूमवर तुटलेला धागा जोडायला वारंवार वाकणारा कारागीर, दहा-बारा तास रिक्षा चालवणारा माणूस, मोबाइलवर वाकलेली मुले, या सगळ्यांचे काही स्नायू तासन् तास ताणलेले राहतात. अशा स्नायूत एखादी कडक दोरी आणि तिच्यावर एक दुखरा बिंदू तयार होतो. याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. आपण सोयीसाठी दुखरी गाठ म्हणू. ही कर्करोगाची गाठ नव्हे. मात्र डोळ्यांना दिसणारी किंवा वाढत जाणारी कोणतीही गाठ आधी डॉक्टरांनाच दाखवायची.

या दुखऱ्या गाठीची खोड अशी की ती स्वतःच्या जागी कमी आणि दुसरीकडे जास्त दुखते. मान आणि खांद्याच्या मधल्या स्नायूत गाठ असेल तर कळ कानामागून कानशिलापर्यंत जाते. माणूस डोकेदुखी समजून चष्म्याचा नंबर तपासत बसतो. खांद्याच्या फऱ्यावरच्या स्नायूत गाठ असेल तर दुखते खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडात. कुल्ल्याच्या खोल स्नायूतली गाठ मांडीच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत कळ पाठवते आणि सगळे म्हणतात, सायटिका झाली.

अमेरिकेच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी हे नकाशे बारकाईने तयार केले. १९६१ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या महिला. केनेडींची पाठदुखी प्रसिद्ध होती. डॉक्टर डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत ट्रॅव्हेल यांनी लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये आला. आजही फिजिओथेरपिस्ट त्याचा आधार घेतात.

सुईत औषध नाही, मग काम कसे होते?

ट्रॅव्हेल दुखऱ्या गाठीत बधिर करणारे औषध टोचत. पुढे काही डॉक्टरांच्या लक्षात आले की औषध न घालता नुसती सुई टोचली तरी अनेकांना उतार पडतो. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये यावर निबंध लिहिला आणि ही पद्धत जगापुढे आली. सुईत औषध नसते, म्हणून नाव ‘ड्राय’, म्हणजे कोरडी.

ही सुई भरीव आणि केसासारखी बारीक असते, इंजेक्शनच्या सुईच्या साधारण निम्म्या जाडीची. फिजिओथेरपिस्ट बोटांनी गाठ शोधतात, कातडी स्वच्छ करतात आणि सुई गाठीत नेतात. नेमकी जागा लागली की स्नायू आपोआप फडफडतो. क्षणभर आतून पिळल्यासारखे वाटते. त्यानंतर आखडलेली दोरी सैल पडते, तिथला रक्तपुरवठा सुधारतो आणि मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप मंदावतो. पुढचा एक दिवस, कधी दोन दिवस तो भाग ठणकतो. थोडे काळेनिळे पडू शकते. ते आपोआप जाते.

आता लेविट यांचेच आकडे पाहा. त्यांनी २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांची नोंद ठेवली. बहुतेकांना टोचल्यावर लगेच आराम पडला. पण पुढे ज्या २८८ जागांवर लक्ष ठेवले, त्यांतल्या फक्त ९२ जागांचे दुखणे कायमचे गेले. बाकीच्यांपैकी काहींना महिने, काहींना आठवडे, काहींना केवळ काही दिवस उतार मिळाला. नंतरच्या अभ्यासांचा सूरही असाच आहे: थोड्या काळासाठी फायदा दिसतो, लांबच्या पल्ल्यात एकटी सुई पुरत नाही.

शेजारणीची मान का सुटली आणि आपली का नाही, याचे उत्तर इथेच आहे. सुईने मिळतो तो काही दिवसांचा मोकळेपणा. त्या दिवसांत व्यायाम सुरू केला, बसण्याची पद्धत बदलली, तर स्नायूला बळ येते. आराम पडला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच स्टुलावर, त्याच वाकलेल्या मानेने बसलो, तर गाठ परत येणारच.

नसेचे दुखणे वेगळे

‘नस दबली आहे, सुईने सुटेल,’ असे सर्रास सांगितले जाते. मणक्यातली गादी सरकून नस खरोखर दबली असेल तर सुई ती गादी जागेवर नेत नाही. आजूबाजूचे आखडलेले स्नायू सैल झाल्याने थोडा आराम पडू शकतो, एवढेच. मधुमेहामुळे पायांची आग होते, मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, त्यावरही ही सुई हा उपाय नव्हे. तिथे साखर ताब्यात आणणे आणि डॉक्टरांचे औषध हाच मार्ग. म्हणून आधी तपासणी, मग सुई.

हिजामा, अ‍ॅक्युपंक्चर आणि ही सुई

आपल्याकडे हिजामा ओळखीचा असल्याने काहींना ही त्याचीच नवी तऱ्हा वाटते. तसे नाही. हिजाम्यात कातडीवर कप लावून रक्त काढतात. इथे रक्त काढायचे नसते. अ‍ॅक्युपंक्चरची सुई दिसायला सारखीच, पण तिच्या जागा चिनी वैद्यकातल्या ऊर्जेच्या वाहिन्यांवरून ठरतात. ड्राय नीडलिंगमध्ये जागा ठरते स्नायूच्या रचनेवरून आणि बोटांना लागणाऱ्या गाठीवरून.

कोणी जपून राहावे?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी ज्या डॉक्टरांनी त्या दिल्या त्यांना विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका. गर्भवती बहिणींनी आधी तसे सांगावे. हृदयाची झडप बदललेली असेल, मधुमेह ताब्यात नसेल, रोगप्रतिकारशक्ती कमी असेल, त्या जागी जखम किंवा पू असेल, तर तेही लपवू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर त्या हातावर सुई नको. सुई पाहूनच घेरी येत असेल तर नको म्हणण्यात लाज नाही. इतर उपाय आहेत.

सर्वांत मोठा धोका क्वचित घडतो, पण माहीत हवा. खांदा, मान आणि पाठीच्या वरच्या भागाखाली फुप्फुस असते. सुई जास्त खोल गेली तर त्याला छिद्र पडू शकते. टोचल्यानंतर, अगदी काही तासांनीही, दम लागला, छातीत कळ आली, कोरडा खोकला सुरू झाला तर वाट न पाहता इस्पितळ गाठा आणि सुई टोचल्याचे सांगा.

म्हणून हात कोणाचा, हे महत्त्वाचे. फिजिओथेरपीची पदवी आहे का, राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, या सुईचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, हे सरळ विचारा. सुई आपल्यासमोर पाकिटातून नवी निघाली पाहिजे आणि नंतर टाकून दिली पाहिजे. तपासणी न करता पहिल्याच दिवशी वीस बैठकांचे पैसे मागणाऱ्याकडून उठून यावे. तीन-चार बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढे टोचत राहण्यापेक्षा निदान पुन्हा तपासून घ्यावे.

आपल्या बहिणींसाठी दोन शब्द

पाठ किंवा खांदा उघडा करावा लागेल या संकोचाने अनेक जणी वर्षे काढतात. महिला फिजिओथेरपिस्ट मागणे हा हट्ट नव्हे. लागेल तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी चादरीने झाकता येतो. सोबत आई, बहीण किंवा सासूबाई बसू शकतात. वेळ ठरवतानाच हे बोलून घ्या.

रमजानमध्ये उपाशीपोटी सुईने चक्कर येऊ शकते. हे तातडीचे काम नाही. वेळ इफ्तारनंतरची किंवा ईदनंतरची घ्या. रोज्याबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा आणि सुईत औषध नसते, हे त्यांना आवर्जून सांगा.

फिजिओथेरपिस्टला नुसते ‘पाठ दुखते’ सांगून भागत नाही. रुकूत वाकताना दुखते, सजद्यातून उठताना की अत्तहियातमध्ये बसल्यावर, भाकरी थापताना की पाण्याची कळशी उचलताना, हे नेमके सांगा. निदानाला त्याची मदत होते आणि पंधरा दिवसांनी फरक पडला की नाही, हेही त्यावरूनच कळते. तोवर खुर्चीवर बसून नमाज पढावी लागली तर मन खट्टू करू नका. आजाऱ्याला ती सवलत आहेच.

घरातले काम

मशीनवरून दर अर्ध्या तासाने उठा. मशीन आणि ओटा इतक्या उंचीवर असू द्या की मान फार झुकणार नाही. हनुवटी सरळ मागे ओढणे, दोन्ही फरे एकमेकांकडे आणणे, असे साधे व्यायाम दिवसातून दोन-तीनदा, पण फिजिओथेरपिस्टने दाखवले तसेच. स्नायूला बळ यायला सहा-आठ आठवडे लागतात. तेवढा काळ घरातल्या इतरांनी कळशी उचलली, पीठ मळले, तर तोही उपचाराचाच भाग आहे.

पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, तापासोबत पाठ दुखणे, विनाकारण वजन घटणे, छातीतून डाव्या हातात कळ जाणे, यांपैकी काहीही असेल तर सुई नको, बामही नको, तडक डॉक्टरकडे जा. आणि यांतले काहीच नसेल, रिपोर्टही चांगला असेल, तरी ‘दुखते’ म्हणणाऱ्या बाईवर विश्वास ठेवा. तिची गाठ एक्स-रेत दिसत नाही, जाणत्या बोटांना मात्र लागते.