विसरलेली ठेव फुकट शोधता येते, फक्त पत्ता खरा हवा

नवा रायपूरमधल्या आमच्या शाखेत दुपारी साडेतीननंतर गर्दी ओसरते. अशाच एका दुपारी जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातून एक काकू आल्या. पर्समध्ये सासऱ्यांच्या मुदत ठेवीची पिवळी पडलेली पावती होती, अमरावतीच्या एका बँकेची. सासरे नोकरीनिमित्त इकडे आले आणि इथेच राहिले. पावती त्यांच्या पेटीत, गीतेच्या पोथीखाली सापडली. काकूंनी मोबाइलवर "जुनी ठेव कशी शोधावी" असे टाकून पाहिले. सगळ्यात वर जे आले त्यावर बोट ठेवले, नाव आणि नंबर भरला. दहा मिनिटांत फोन आला: "मॅडम, तुमच्या सासऱ्यांचे पैसे सापडलेत. नोंदणीचे २,४९९ रुपये पाठवा, बाकीचे काम आम्ही करू." पैसे पाठवायचे की नाही, एवढेच विचारायला त्या आल्या होत्या.

पाठवायचे नाहीत. ज्या कामाचे २,४९९ मागितले जात होते, ते काम रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर फुकट होते.

या संकेतस्थळाचे नाव "उद्गम". ते १७ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले. आरंभी त्यात ७ बँका होत्या, मार्च २०२४ पर्यंत ३० झाल्या. ज्या बचत किंवा चालू खात्यात १० वर्षे काहीच व्यवहार झाला नाही, किंवा जी मुदत ठेव मुदत संपल्यावर १० वर्षे कोणी मागितली नाही, तिची रक्कम बँकेला रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरावी लागते. पैसे बुडत नाहीत. खातेदार किंवा वारस केव्हाही मागू शकतो, मागण्याला मुदत नाही. मागणी मात्र आपल्या बँकेकडेच करायची, रिझर्व्ह बँकेकडे नाही. बँक आपल्याला पैसे देते आणि नंतर स्वतः त्या निधीतून भरून घेते. मूळ खाते व्याजाचे असेल तर निधीत गेल्यानंतरच्या काळाचेही व्याज मिळते. मे २०२१ पासून त्याचा दर वर्षाला ३ टक्के आहे. म्हणजे तिथे पैसे सुरक्षित आहेत, पण वाढत फारसे नाहीत, हेही समजून घ्या.

शोधण्याची रीत सोपी आहे. मोबाइल नंबर देऊन नोंदणी करायची, आलेला ओटीपी टाकायचा. मग खातेदाराचे नाव आणि बँक निवडायची. बँक आठवत नसेल तर यादीतल्या सगळ्या निवडता येतात. सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी एखादा क्रमांक किंवा जन्मतारीख द्यायची. खाते सापडले तर शाखेची माहिती आणि एक संदर्भ क्रमांक दिसतो. रक्कम दिसत नाही, म्हणून घाबरू नका. संदर्भ क्रमांक लिहून घ्या आणि बँकेत जा.

खरी अडचण येते ती नावाची, आणि आपल्या मराठी घरांत जरा जास्तच येते. काकूंच्या सासऱ्यांचे नाव पहिल्यांदा टाकले तर काहीच आले नाही. अमरावतीच्या पावतीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. रायपूरच्या शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव गायब. इंग्रजी अक्षरांत तर आणखी घोळ. देशपांडेच्या शेवटी कुठे नुसता "ई", कुठे "ई-वाय". वाघमारेचा "व" कुठे "डब्ल्यू"ने, कुठे "व्ही"ने. म्हणून एकदा शोधून सोडू नका, कागदावर चार-पाच प्रकारे नाव लिहा आणि एकेक टाकून पाहा. बायकांच्या खात्यांसाठी हे फारच महत्त्वाचे. आजीचे खाते माहेरच्या आडनावाने असू शकते, आणि लग्नात नाव बदलले असेल तर पहिले नावही वेगळे निघते. माझ्या स्वतःच्या आजीला सासरी कोणी माहेरच्या नावाने ओळखतच नव्हते. काकूंच्या बाबतीत तिसऱ्या प्रकाराने नाव सापडले.

उद्गममध्ये सगळेच सापडेल असे मात्र नाही. पोस्टातली बचत तिथे दिसत नाही. लहान नागरी सहकारी बँक त्या यादीत नसेल तर त्या बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या ठेवींची यादी पाहा, ती ठेवणे बँकेला बंधनकारक आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, तिची ठेव इथे शोधण्यात वेळ घालवू नका. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीसाठी एलआयसीच्याच संकेतस्थळावर सोय आहे, आणि म्युच्युअल फंडासाठी "मित्र" नावाची वेगळी सोय आहे. हे सगळे फुकट आहे.

आता काकूंची चूक कुठे झाली ते पाहू, कारण ती कोणाचीही होते. शोधल्यावर सगळ्यात वर जे येते ते बहुधा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. तिथे बारीक अक्षरांत "प्रायोजित" असे लिहिलेले असते, ते आपण वाचत नाही. म्हणून पैशाच्या कामासाठी शोधायला जाऊच नये. वरच्या पट्टीत पत्ता स्वतः टाइप करावा: यूडीजीएएम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एकदा पान उघडले की ब्राउझरमधल्या चांदणीवर बोट ठेवा, पत्ता जपून राहतो. पुढच्या वेळी तिथूनच जा.

आणि पत्ता वाचताना शेवटाकडून वाचा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचे शब्द असतात, ते मालकाचे नाव. रिझर्व्ह बँकेच्या पत्त्यात ते "आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन" असेच हवे. समजा कोणी "आरबीआय-उद्गम-क्लेम डॉट कॉम" असा पत्ता पाठवला, तर त्यात "आरबीआय" आहे, "उद्गम" आहे, पण शेवट "डॉट कॉम" आहे. तो रिझर्व्ह बँकेचा नाही. बँकांसाठी तर आता ओळख आणखी सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले संकेतस्थळ "डॉट बँक डॉट इन" या शेवटावर न्यायला सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर विसंबू नका. "कुलूप आहे म्हणजे खरे" असे आम्हीच काही वर्षांपूर्वी शिबिरांत सांगत होतो. कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेत कोणी माहिती वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस चोर नाही, असा त्याचा अर्थ नव्हता. चोरालाही कुलूप फुकट मिळते. क्रोमने तर २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकले.

दुसरी एक युक्ती मला स्वतःला फार उपयोगी पडते. स्वतःच्या फोनवर ब्राउझरला पासवर्ड जपायला दिला असेल, तर तो खऱ्या पत्त्यावरच आपोआप भरला जातो. पान हुबेहूब दिसते आहे, पण पासवर्ड भरला जात नाही, असे झाले तर थांबा आणि पत्ता पुन्हा वाचा. डोळा फसतो, ब्राउझर अक्षर न् अक्षर तपासतो.

इंग्रजी पान अडत असेल तर ब्राउझरच्या मेनूत भाषांतराची सोय असते, मराठी निवडता येते. वाचण्यापुरती ती ठीक आहे. फॉर्म भरताना मात्र मूळ पानच ठेवा, कारण माणसांच्या नावांचेही भाषांतर होते आणि मग गोंधळ होतो. अक्षर बारीक वाटत असेल तर संगणकावर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबा, पान मोठे होते. चश्मा विसरून आलेल्या किती आजोबांना मी हे दाखवले असेल!

घरी संगणक नसेल तर चॉइस सेंटरवर काम करायला हरकत नाही. पण तिथे खाजगी विंडो उघडायला सांगा, मोबाइलवरचा ओटीपी स्वतः टाका, आणि उठण्यापूर्वी डाउनलोड झालेल्या फाइली पुसून घ्या. एका दुकानात मी प्रिंट काढायला गेले, तर पडद्यावर माझ्या आधीच्या पंधरा-वीस लोकांचे पॅन आणि आधार तसेच पडलेले होते. दुकानदार वाईट नव्हता, कोणी पुसायला सांगितलेच नव्हते. पॅनची अशी प्रत वापरून तुमच्या नावावर कोणी कर्ज घेतले आहे का, हेही फुकट कळते. देशातल्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. त्यांच्या पानांवर मासिक शुल्काच्या योजना आधी दिसतात, फुकटचा दुवा जरा शोधावा लागतो. शोधा. आणि तुमच्या नावावर किती सिमकार्डे आहेत, ते दूरसंचार विभागाच्या "संचार साथी"वर पाहता येते.

काकूंकडे परत येते. त्यांना संदर्भ क्रमांक, ठेवीची पावती, सासऱ्यांचा मृत्यू दाखला आणि वारसांचे केवायसी घेऊन त्या बँकेच्या रायपूर शाखेत पाठवले. ठेवीवर नामनिर्देशन नव्हते, म्हणून पुण्याच्या नणंदेची सही आणायला तीन आठवडे गेले. सगळे कागद पोचल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. बँक टाळाटाळ करत असेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पत्त्यावर लोकपालाकडे जाता येते. त्यालाही शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

ज्यांनी असे २,४९९ आधीच पाठवले असतील, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी १९३० वर फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे असतात, त्यामुळे इथे तास मोजले जातात. लगेच आपल्या बँकेलाही कळवा. व्यवहाराचा क्रमांक, ज्या नंबरवर पैसे गेले तो नंबर, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट पुसू नका. लाज वाटून घरच्यांपासून लपवलेत तर मधले दोन दिवस जातात, आणि आमच्या हातात मग फक्त तक्रारीची पोच उरते.