अंधांसाठी घरचा प्रिंटर

अर्ज, बँकेचे पत्र किंवा दवाखान्याचा कागद छापायला दुकानात दिला, की आपला मजकूर परक्याच्या नजरेखालून जातो. म्हणून अंध व्यक्तीसाठी घरचा प्रिंटर ही चैन नव्हे, गरज आहे, असे आम्ही मानतो.

एकच प्रिंटर घरातील सर्वांना पुरतो. तो वायरने विंडोज संगणकाला जोडलेला असल्यास 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडावे, कंट्रोल व टॅब दाबत 'शेअरिंग'वर जावे आणि 'शेअर धिस प्रिंटर' या चौकटीवर स्पेसबार दाबावा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर प्रत्येक पायरी बोलून सांगतो. मात्र तो संगणक बंद असला, तर इतर संगणकांवरून छपाई होत नाही.

त्यापेक्षा वाय-फाय प्रिंटर सोयीचा. त्यात एअरप्रिंट असल्यास व्हॉइसओव्हरच्या आधारे आयफोनवरूनही छापता येते. घेताना मात्र बोटांना जाणवणारी बटणे आहेत ना, हे तपासावे; नुसता गुळगुळीत स्पर्शपडदा अंधाच्या कामाचा नाही.

पहिल्या जोडणीला डोळस मदत लागू शकते. विद्यार्थ्यांनी ती अवश्य करावी. कळफलक मात्र अंध मित्राच्याच हाती राहू द्यावा.