मुंग्या, मज्जातंतू आणि ताकदीच्या गोळ्या

हातापायांना वारंवार मुंग्या येऊ लागल्या की ‘शिरा कमजोर झाल्या’ असे आपण म्हणतो आणि दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणतो. वस्तुतः शिरांतून रक्त वाहते. संवेदना वाहून नेतात ते मज्जातंतू. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असावे, तसे अनेक मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते शाबूत राहण्यास ब-१२ हे जीवनसत्त्व लागते.

१९४८ साली शुद्ध स्वरूपात हाती आलेले हे जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू तयार करतात. आपल्याला ते मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते. भाजीभाकरीतून जवळजवळ नाहीच. म्हणून ज्या शाकाहारी घरात दूध चहापुरतेच येते, तेथे उणीव संभवते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ती उशिरा कळते.

मग सर्वांनीच गोळ्या का घेऊ नयेत? कारण नुसत्या फॉलिक आम्लाने रक्तक्षय सुधारतो, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. ब-६ दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास मज्जातंतूंनाच इजा होते. म्हणजे ज्या मुंग्यांसाठी गोळी घेतली, त्याच तिच्यामुळे येतात! कॉडलिव्हर तेलात अ व ड जीवनसत्त्वे असतात. ब-१२ ची उणीव त्याने भरून निघत नाही. शिवाय मुंग्यांचे मूळ मधुमेहातही असू शकते.

तेव्हा आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग गोळी. मात्र उणीव खरी ठरल्यास दिरंगाई नको. फार काळ दुर्लक्षिलेली हानी पूर्णपणे भरून येतेच असे नाही.