आयटी सपोर्टची पहिली नोकरी: कोणतं सर्टिफिकेट घ्यायचं आणि कुठे पैसे भरायचे नाहीत?

सातारा, सांगली, सोलापूरकडून येणाऱ्या एसटीतून कितीतरी मुलंमुली नोकरीसाठी स्वारगेटला उतरतात. हातात डिग्री असते आणि मोबाईलवर रील सुरू असतं: ‘कोडिंग नको, तीन महिन्यांत आयटीत जॉब, १००% प्लेसमेंट!’

यातलं ‘कोडिंग नको’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. बाकीचं जरा तपासून घेऊ.

काम नेमकं काय असतं?

पासवर्ड रीसेट करणं, प्रिंटर सुरू करून देणं, नवीन लॅपटॉप सेट करणं, व्हीपीएन जोडून देणं. प्रत्येक तक्रारीचं ‘तिकीट’ बनतं आणि ते ठरलेल्या वेळेत सोडवावं लागतं. पहिल्या पायरीला एल-१ म्हणतात. जाहिरातीत ‘सर्व्हिस डेस्क’, ‘डेस्कटॉप सपोर्ट’ किंवा ‘फील्ड इंजिनिअर’ असं लिहिलेलं असतं. नाईट शिफ्टची तयारी ठेवा.

सर्टिफिकेट कोणतं?

- एमएस-सीआयटी: २००१ पासून सुरू असलेला हा कोर्स संगणक साक्षरतेचा आहे. सरकारी भरतीत तो लागतो, पण सपोर्टच्या नोकरीसाठी एवढाच पुरत नाही.
- गुगल आयटी सपोर्ट: कोर्सेरावर २०१८ पासून आहे. डिग्री किंवा अनुभवाची अट नाही. फी परवडत नसेल तर फायनान्शियल एडसाठी अर्ज करता येतो.
- कॉम्पटिया ए प्लस: दोन परीक्षा, दोन वेगळ्या फी. दोन्ही पास झालात तरच सर्टिफिकेट मिळतं आणि ते तीन वर्षं चालतं.
- सिस्को नेटवर्किंग अकॅडमी: नेटवर्किंगची ओळख करून देणारे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. सीसीएनए ही त्यापुढची पायरी.

खिशात पैसे कमी असतील तर आधी मोफत कोर्स करा. काम आवडतंय असं वाटलं, तरच पुढची फी भरा.

मुलाखतीत काय विचारतात?

नेहमीचा प्रश्न: ‘युजरचं इंटरनेट बंद आहे, काय कराल?’ इथे पाठांतर कामी येत नाही, क्रम लागतो. बंद एकाचंच आहे की सगळ्यांचं? केबल, वायफाय ठीक आहे का? आयपी ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही. आयपीला पिंग जातोय, पण वेबसाइट नावाने उघडत नाही? मग डीएनएसवर संशय घ्या.

हे हाताला बसण्यासाठी जुना पीसी खोला, रॅम काढून परत बसवा, विंडोज नव्याने टाका. केलेलं प्रत्येक काम वहीत लिहा. फ्रेशरकडे दाखवायला अनुभव नसतो, पण ही वही असते.

नोकरी कुठे शोधायची?

केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा, तिथे शिकताना स्टायपेंड मिळतो. मुलाखतीला जाणंही आता सोपं झालंय. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत येते. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की रामवाडीपर्यंत जाता येतं.

ऑफर आली, आता?

पगार कोण देणार, कंपनी की थर्ड पार्टी, हे लेखी घ्या. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘लॅपटॉप चार्ज’, ‘ट्रेनिंग फी’ मागितली तर तिथून निघा. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवू नका. ऑनलाइन पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

फी भरून शिकवणी मिळते, नोकरी नाही. हमी देणारा भेटलाच, तर ती कागदावर लिहून मागा. उत्तर तिथेच कळेल.