सिझेरियनआधीचा गोड पेला

पेडणे किंवा डिचोलीतल्या एखाद्या घरात सिझेरियनची तारीख ठरली की तयारी सुरू होते. बाळाची दुपटी, तपासण्यांची फाइल, रुग्णालयात सोबत कोण राहणार, घरी थोरल्याला कोण सांभाळणार. त्यात एक सूचना अजूनही अनेक ठिकाणी मिळते: रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको. गर्भवती ती मुकाट्याने पाळते. शस्त्रक्रिया सकाळी नऊला झाली तर नऊ तास कोरडे जातात. मध्येच तातडीची केस आली आणि तिचा नंबर दुपारवर गेला, तर तेरा-चौदा तास. घसा सुकलेला, डोके जड, आणि जीव पोटातल्या बाळापाशी.

गोव्यात हा थोड्याथोडक्या बायकांचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या ३९.५ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झाल्याची नोंद आहे. त्याच फेरीत देशाची सरासरी २१.५ टक्के होती. आधीच्या फेरीत गोव्याचाच आकडा ३१.४ होता.

मग हा कडक उपास आला कुठून? न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ६६ बायकांच्या पोटातले भुलेखाली उलटून फुप्फुसात गेले होते. दोघी दगावल्या, त्या घन अन्नाने श्वास कोंडून. तेव्हा तोंडावर मुखवटा धरून ईथर किंवा वायू हुंगवत, आणि श्वासनलिकेत नळी घालून ती सुरक्षित करण्याची सवय रुळलेली नव्हती. मेंडेल्सन यांची भीती खरी होती, कळांच्या वेळी तोंडाने काही न देण्याचा त्यांचा सल्लाही त्या काळाला योग्य होता. आज मात्र ठरवून केलेले सिझेरियन बहुधा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन होते. आई जागी असते आणि बाळाचे पहिले रडणे ती स्वतः ऐकते.

पोटाचे गणितही पुढे नीट कळले. भात-भाजी पोटात कित्येक तास रेंगाळते. पाणी मात्र झपाट्याने पुढे सरकते. नऊ महिने भरलेल्या, पण कळा सुरू न झालेल्या निरोगी गर्भवतीतही पाण्याचा हा वेग मंदावत नाही. म्हणूनच भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मांडलेल्या सूचनांतही निवळ पेयांसाठी दोन तासांचे अंतर पुरेसे मानले आहे. हलक्या जेवणासाठी सहा तास, तळकट आणि तुपकट खाण्यासाठी त्याहून जास्त.

गर्भवतीला उपास लवकर जाणवतो, आणि त्याला शरीरशास्त्रातच कारण आहे. बाळ आईच्या रक्तातली साखर अखंड ओढत असते. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या बॉइड मेट्झगर, नॉर्बर्ट फ्राइंकेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की शेवटच्या महिन्यांत रात्रीच्या उपासानंतर सकाळची न्याहारीही चुकली तर गर्भवतीची साखर इतर स्त्रियांपेक्षा जास्त उतरते आणि चरबी जळून तयार होणारे कीटोन वाढतात. त्या न्याहारीच्या वेळीच आपली बाई शस्त्रक्रियेची वाट पाहत पडून असते.

इथे कर्बोदकाच्या पेयाचा विचार येतो. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर उभा राहावा म्हणून जी पद्धत घडवली, तिच्या वाढीत हे पेय रुजले आणि २०१८ मध्ये सिझेरियनच्या आंतरराष्ट्रीय सूचनांतही आले. पिष्टापासून काढलेले माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यात विरघळवतात. ४०० मिलिलिटरमध्ये सुमारे ५० ग्रॅम. ते फार गोड लागत नाही आणि पोटात थांबतही नाही. मधुमेह नसलेल्या स्त्रीला ते दोन तास आधीपर्यंत देता येते. तहान-भूक शमते, अस्वस्थता कमी होते. टाके लवकर भरतील किंवा बाळाची साखर हमखास टिकेल, एवढा मोठा दावा करण्याइतका पुरावा मात्र सिझेरियनबाबत अजून जमलेला नाही. पण बाळंतीण होणारी बाई तहानेने व्याकूळ न होता टेबलावर जावी, हे कारण आपल्याला पुरेसे वाटायला हवे.

घोटाळा होतो तो 'निवळ' या शब्दावर. पेडण्याकडच्या घरात निवळ म्हटले की उकड्या तांदळाच्या पेजेवरचे पाणी आठवते. ते पातळ असले तरी त्यात पिष्टाचे कण असतात. भूलतज्ज्ञाच्या हिशेबात ते निवळ नव्हे. दुधाचा चहाही नव्हे, कारण पोटात आम्लाशी गाठ पडताच दुधाच्या गुठळ्या होतात. सोलकढीत नारळाचा रस असतो, म्हणून तीही बाद. साधे पाणी, कोरा चहा, गाळलेले साखर-लिंबूपाणी मात्र चालते. शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

गरोदरपणातला मधुमेह असेल तर साखरेचे पेय स्वतःहून मुळीच घेऊ नये. कळा सुरू झाल्या असतील, वेदनाशामक म्हणून अफूवर्गीय औषध दिले असेल किंवा जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास असेल, तरी हिशेब बदलतो. अशा वेळी निर्णय भूलतज्ज्ञाचाच.

केरी, हरमल किंवा साळ गावातून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या कुटुंबाने आदल्या दिवशीच तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: शेवटचे जेवण किती वाजता, शेवटचे पेय कोणते आणि किती वाजता, नंबर पुढे ढकलला तर पुन्हा पाणी द्यायचे का. तिसरा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या सरकारी रुग्णालयांनी त्यावर उत्तर काढले: ऑपरेशन थिएटरमधून बोलावणे येईपर्यंत रुग्णाने पाण्याचे छोटे घोट घेत राहायचे. आपल्या वॉर्डात असा नियम नसेल, तर नंबर दुपारवर गेल्याचे कळताच सोबतच्या आईने किंवा सासूने परिचारिकेकडे जाऊन विचारावे, "सिस्टर, हिला आता एक पेला पाणी देऊ?"